शाळेचा हिशेब कुणाला द्यायचा?

आजचा विषय वरवर पाहता फारच साधा आहे. गावात सरकारी शाळा आहे. तिचा कारभार कुणीतरी बघतं. जो बघतो, त्यानं तो कुणाला सांगायचा? येताना गाडीत एकानं मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुम्ही शाळेच्या छपराचं आणि खिचडीचं काय सांगणार?" मी म्हटलं, तत्त्वज्ञानाला छपराचं वावडं नाही. आणि दुसरं असं, की मी मावळातल्याच एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर सदस्य आहे. 'शिक्षणतज्ज्ञ' या खुर्चीवर बसवलंय मला. शाळेचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण मला तक्रार करायची नाही, एक व्यवस्था समजावून सांगायची आहे.

अमेरिकेत ज्यांची मुलं राहतात, त्यांनी 'स्कूल बोर्ड' हा शब्द ऐकला असेल. तिथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक शाळा-जिल्ह्याचं निवडून दिलेलं मंडळ असतं. त्याच्या बैठका सगळ्यांसाठी खुल्या असतात. सदस्य मतदारांना वेळोवेळी सांगतो, की या महिन्यात अंदाजपत्रकावर काय ठरलं, बसगाड्यांचं काय झालं, कोणती शाळा दुरुस्तीला काढली. आपल्याकडे असं कुणी उभं राहून सांगताना तुम्ही पाहिलंय का? सरपंच रस्त्याचं सांगतो, आमदार निधीचं सांगतो. शाळेचं कोण सांगतं?

आणि गंमत अशी, की 'बोर्ड' हा शब्द आपल्याला नवा नाही. इथे सत्तरीच्या पुढची मंडळी बसली आहेत. त्यांच्या लहानपणी लोक 'बोर्डाची शाळा' म्हणायचे. आता मुलांना विचारलं, शाळा कुणाची, तर ती म्हणतात जिल्हा परिषदेची. पालक म्हणतात सरकारची. काही जण म्हणतात मास्तरांची. 'आमची' असं उत्तर क्वचित येतं. हा शब्द कुठे हरवला, ते आधी पाहू.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात १८६९ साली लोकल फंडाचा कायदा झाला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा पट्टी घ्यायची, आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाकडे, बाकीचा मुख्यतः रस्त्यांकडे. म्हणजे या मावळातल्या भातखाचराच्या मालकानं, त्याला स्वतःला अक्षर येत नसताना, शाळेसाठी पैसे भरलेत. खर्च कुठे करायचा हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्याचं मर्म हेच आहे. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणाचा लाभ जातो वरच्या थरांना. त्यांनी बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. आपण त्या निवेदनाकडे शिक्षणाच्या हक्काची मागणी म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण मला त्यात हिशेबाची मागणीही दिसते. माझे पैसे कुठे गेले, हा प्रश्न आहे तो.

याच्या उलट उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६४७ साली कायदा झाला, की पन्नास घरांच्या गावानं मुलांना लिहा-वाचायला शिकवणारा माणूस नेमलाच पाहिजे. त्यामागे धार्मिक हेतू होता, मुलांना बायबल वाचता यावं हा. तो सोडून द्या. महत्त्वाचं काय, तर जबाबदारी गावावर, पैसा उभा करायचा गावानं, आणि शिक्षक नेमायचा गावानं. तिथलं स्कूल बोर्ड या मुळातून वाढलं. आपल्याकडे पैसा खालून वर कलेक्टरकडे गेला आणि उपकार म्हणून खाली आला. दीडशे वर्षं झाली, तरी आपण शाळेला मिळालेल्या वर्गखोलीला 'मंजूर करून आणली' असंच म्हणतो. हे क्रियापद लक्षात ठेवा.

पुढचा इतिहास झपाट्यानं सांगतो. १८८४ च्या कायद्यानं जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला आणि शाळामंडळं, म्हणजे स्कूल बोर्डं, स्थापन झाली. तीच ही 'बोर्डाची शाळा'. मग पंधरा वर्षांत तक्रारी वाढल्या. शिक्षकांच्या बदल्या आणि नेमणुका यांत गटबाजी शिरली. मास्तर कुणाच्या बाजूचा, यावर त्याचं गाव ठरू लागलं. १९३८ च्या दुरुस्तीनं आणि नंतर १९४७ च्या कायद्यानं बरेच अधिकार सरकारी अधिकाऱ्यांकडे परत गेले. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जिल्ह्याची शाळामंडळं त्यांच्यात विरघळली. राहिली ती परिषदेची शिक्षण समिती. शहरांतली शिक्षण मंडळं आणखी बरीच वर्षं टिकली, तीही २०१३ नंतर टप्प्याटप्प्यानं गेली.

इथे थोडं थांबू या, कारण एक मुद्दा निसटतो. अधिकार वर गेले ते काही केवळ सरकारच्या हावेपोटी नाही. स्थानिक माणसांनी ते वाईट वापरले होते. आज शिक्षकांच्या बदल्या संगणकावरून होतात. शिक्षकाला पुढाऱ्याच्या ओसरीवर बसावं लागत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणून 'सगळं गावाच्या हातात द्या' असं मी म्हणणार नाही. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याबद्दल जी कडक भाषा वापरली होती, ती माहीत असणाऱ्यानं असं भाबडेपणानं बोलूच नये. गाव म्हणजे कोण, हा त्यांचा प्रश्न होता. गावाच्या नावानं बोलतो तो बहुतेक वेळा गावातला बळकट माणूस असतो.

बरं, अधिकार जिल्हा परिषदेत गेले म्हणजे निदान निवडून दिलेल्या माणसाकडे तरी गेले ना? पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तो काही महिन्यांसाठी नव्हे, वर्षानुवर्षं. प्रशासक वाईट असतो असं नाही. काही फार चांगले असतात. पण तुमच्या शाळेच्या भिंतीला ओल आली तर ज्याला मत देताना जाब विचारता येईल असा माणूसच या साखळीत नव्हता. पहिलीत गेलेलं मूल चौथीत पोचलं तरी नव्हता.

आता मुख्य गोष्ट. शिक्षण हक्क कायदा, २००९. हा कायदा म्हटलं की लोकांना आठवतात पंचवीस टक्के जागा, खासगी शाळेतल्या. सगळी चर्चा तिकडेच. पण त्याच कायद्यात २१ आणि २२ अशी दोन कलमं आहेत, ज्यांनी गेलेलं स्कूल बोर्ड मागच्या दारानं परत आणलंय, आणि जिल्ह्याला नाही, प्रत्येक शाळेला. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच हवेत. निम्म्या स्त्रिया हव्यात. दुर्बल आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक सचिव, बैठक महिन्यातून एकदा तरी, आणि दर दोन वर्षांनी नवी समिती. पाहा, आंबेडकरांच्या शंकेला कायद्यानं दिलेलं हे उत्तर आहे. गाव म्हणजे कोण? तर पाटील नाही, सावकार नाही. ज्याचं मूल या शाळेत बसतं तो, आणि त्यातही निम्म्या आया. ठाकरवाडीतल्या, कातकरी वस्तीवरच्या आया धरून.

आणि कलम २२. समितीनं शाळा विकास आराखडा तयार करायचा. तीन वर्षांचा, वर्षवार तोडलेला. कोणत्या इयत्तेत किती मुलं असतील, किती शिक्षक लागतील, किती खोल्या, त्याला किती पैसे. यात एक वाक्य असं आहे की ते मी तीनदा वाचलं. सरकारनं किंवा स्थानिक प्राधिकरणानं करायच्या योजना आणि द्यायची अनुदानं यांचा आधार हा आराखडा असेल, असा त्याचा अर्थ आहे. आधार! म्हणजे वरून मंजूर होऊन येईल ते घ्यायचं, हा क्रमच उलटा केलाय. आधी तुम्ही लिहायचं, मग त्यांनी त्यावर योजना करायची. तुम्ही लिहिलंच नाही, तर त्यांच्याकडे आधार नाही आणि तुमच्याकडे भांडायला कागद नाही.

मग प्रत्यक्षात काय होतं? माझ्या समितीतला पहिला महिना सांगतो. संध्याकाळी एक मुलगा रजिस्टर घेऊन घरी आला. "सर, सही." कसली? "मीटिंगची." मीटिंग कधी झाली? "झाली ना सर, कागदावर आहे." वर पाहिलं तर सात सह्या, त्यांतल्या चार एकाच पेनाच्या आणि बहुधा एकाच हाताच्या. मुलगा बिचारा काय करणार, त्याला घरोघरी फिरायचं होतं. मी सही केली नाही. पुढच्या बैठकीला येईन आणि तिथेच करीन, असं सांगितलं. यात मुख्याध्यापकही फार दोषी नाहीत. त्यांच्याकडे वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. आणि भातलावणीच्या दिवसांत तुम्ही आयांना दुपारी तीनची मीटिंग लावलीत तर कोण येणार? चिखलात पाय असतात त्यांचे.

आपल्या या आंबीच्या बाजूला हा प्रश्न जास्त धारदार आहे. इंद्रायणीच्या या काठाला, नवलाख उंबऱ्यापर्यंत, तीस वर्षांपूर्वी काय होतं आणि आज काय आहे ते तुम्ही मला सांगावं. एमआयडीसी आली, कंपन्या आल्या, कॉलेजं आली, खोल्या भाड्यानं गेल्या. या खोल्यांत मराठवाड्यातली कुटुंबं आहेत, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातली आहेत. त्यांची मुलं कुठे जातात? जी जातात ती बहुधा सरकारी शाळेतच. त्यांच्यापाशी दाखला नसतो, जन्माचा पुरावा नसतो, मराठी नसते. कायदा याबाबत अगदी स्वच्छ आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. मूल वर्षाच्या मधेच आलं तरी घ्यावं लागतं, आणि त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावं लागतं.

पण शिक्षकांची पदं ठरतात कशावर? संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. आता विचार करा. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. ती सप्टेंबरात पटावर असतात, जानेवारीत नसतात. कंपनीतल्या कंत्राटी कामगाराचं कुटुंब नोव्हेंबरात येतं. ते सप्टेंबरात नव्हतं, म्हणून त्याच्या मुलासाठी शिक्षकही नाही. पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्या मुलाला तिसरा, असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. एकसष्टावं मूल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आलं तर? हे गणित मंत्रालयात बसून कळत नाही. ते कुणाला कळतं, तर ज्या बाईच्या शेजारच्या खोलीत नवं बिऱ्हाड उतरलंय तिला. ती बाई समितीत असेल, आराखड्यात 'दर हिवाळ्यात इतकी मुलं वाढतात' असं तीन वर्षं सलग लिहिलेलं असेल, तर त्या कागदाला वजन येतं. नाहीतर ती मुलं आकड्यात कधी उगवतच नाहीत.

पैशाकडे येतो. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वार्षिक संयुक्त अनुदान मिळतं. निकष पटावर आहे: तीस मुलांपर्यंत दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, हजारपर्यंत पंचाहत्तर हजार, त्याच्या पुढे लाख. वर्षाचे बरं का, महिन्याचे नाहीत. यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. तीस मुलांच्या शाळेचे दहा हजार म्हणजे मुलामागे दिवसाला एक रुपयासुद्धा पडत नाही. ही रक्कम इतकी लहान आहे, की तिचा हिशेब काय विचारायचा असं लोकांना वाटतं. मी उलट म्हणतो. लहान रकमेचा हिशेब उघड मांडला की ती किती लहान आहे हे लोकांना पहिल्यांदा दिसतं.

आणि या पट्ट्यात दुसराही पैसा आहे, कंपन्यांच्या सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, आणि आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. त्यामुळे भिंती रंगतात, मोठे पडदे येतात, दप्तरं वाटली जातात. उत्तम. पण मी अशी शाळा पाहिलीय जिथे भिंतीवर झळझळीत डिजिटल फळा होता आणि बिल थकल्यानं वीज तोडलेली होती. देणगीदार आला की समितीनं हार घालायचा, हात जोडायचे आणि फोटोत उभं राहायचं, एवढीच आपली कल्पना. कलम २१ मध्ये सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून 'किंवा अन्य कोणत्याही मार्गानं' आलेल्या पैशाच्या वापरावर देखरेख हे समितीचं काम म्हणून लिहिलंय. अन्य मार्ग म्हणजे हाच. म्हणजे 'आम्हाला फळा नको, पाण्याची टाकी हवी' असं देणाऱ्याला सांगायची जागा समितीला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तर दत्तक शाळा योजना आली, मोठी देणगी देणाऱ्यानं सुचवलेलं नाव काही वर्षं शाळेला जोडता येईल अशी तरतूद तिच्यात आहे. मला ते रुचलं नाही, पण ते असो.

मला इथे आपल्या शेजारच्या तळेगावची आठवण येते. १९०८ साली तिथे पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. लोकांकडून एक-एक पैसा गोळा करून. पैसा देणारा तिथे दाता नव्हता, भागीदार होता. त्याला विचारायचा हक्क होता आणि ज्यांनी गोळा केला त्यांना सांगायचं बंधन होतं. मोठा चेक देणाऱ्यापुढे ही जाणीव वितळते.

आता माझ्या विषयातलं थोडंसं. माहिती देणं आणि उत्तर देणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. शाळेची माहिती आज कधी नव्हती एवढी दिली जाते. ऑनलाइन किती तक्ते भरायचे, शिक्षकांना विचारा. पण ती सगळी वर जाते. ज्याच्या मुलाबद्दल ती आहे, त्याच्याकडे वळून कुणी बोलत नाही. उत्तर देणं म्हणजे समोर उलट प्रश्न विचारू शकणारा माणूस असणं. अथेन्समध्ये प्रत्येक अधिकाऱ्याला मुदत संपल्यावर हिशेब द्यावा लागे. त्याला ते 'युथिना' म्हणत. आधी तपासनीस पैसे तपासत, आणि नंतर काही दिवस कुणीही नागरिक येऊन त्या माणसाविरुद्ध तक्रार मांडू शके. चांगलं काम केलेल्यालाही यातून सुटका नव्हती. तो संशय नव्हता, रीत होती. आपल्याकडे हिशेब मागितला की माणूस म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का?" हिशेब आणि अविश्वास यांची ही गाठ आपण सोडवत नाही, तोवर कोणतंही कलम चालणार नाही.

म्हणून आमच्या समितीत आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. दर तीन महिन्यांनी, रविवारी, शाळेच्या व्हरांड्यात, अध्यक्षबाई उभ्या राहून वाचून दाखवतात. आलेले पैसे, गेलेले पैसे, पट, नवी आलेली मुलं, गेलेली मुलं, आराखड्यातलं काय झालं आणि काय राहिलं. पहिल्या वेळी बाई इतक्या हळू वाचत होत्या की मागच्यांना ऐकू येईना. लोकही मोजकेच. पण एक आजी म्हणाल्या, "बाई, ते संडासाला पाण्याचं काय लिवलंय, ते परत वाचा." लिहिलं होतं 'सुविधा उपलब्ध'. आजी म्हणाल्या, "नळ हाय. पाणी न्हाई." त्या दिवशी आराखड्यातलं ते वाक्य बदललं. पाणी यायला पुढे पाच महिने लागले, ग्रामपंचायतीच्या दोन सभा खर्ची पडल्या, पण आलं. दुसऱ्या खेपेला ओडिशाच्या एका बापानं हिंदीत विचारलं, की माझी मुलगी तिसरीच्या वर्गात बसते पण तिचं नाव पटावर आहे का. नव्हतं. मुख्याध्यापकांनी तिथेच रजिस्टर उघडलं.

आता ज्यांना वाटतं की हे सगळं किरकोळ आहे, त्यांच्यासाठी एक गंभीर गोष्ट. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त आहेत. २०२३ मध्ये शिक्षण खात्यानं अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातल्याच पानशेतला असा प्रयोग आधी झाला होता. विरोध झाला, मग शाळा बंद करणार नाही असंही सांगितलं गेलं. या वादात दोन्ही बाजूंना थोडं खरं आहे. बारा मुलांच्या शाळेत मुलाला सवंगडी मिळत नाहीत, खेळ नाही, एकाच शिक्षकावर सगळे वर्ग. पण पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा, हा नियम आहे, आणि अंदर मावळात पावसाळ्यात ओढा भरला की एक किलोमीटर म्हणजे काय असतं ते नकाशावर दिसत नाही. सातवर्षांच्या मुलीला पाठवायचं की नाही, हे ओढा ठरवतो. शाळा हलवायची का, याचं एकच उत्तर सगळीकडे चालणार नाही. ते वाडीवाडीला वेगळं आहे. ते सांगणारा कागद समितीनं लिहिलेला नसेल तर निर्णय फक्त पटाच्या आकड्यावर होईल. आणि आकड्याला ओढा माहीत नाही.

एक व्यावहारिक सूचना करतो आणि मग प्रश्न घेऊ. ज्यांचं मूल सरकारी शाळेत आहे, त्यांनी या आठवड्यात मुख्याध्यापकांकडे जाऊन तीन कागद पाहायला मागा: समितीच्या सदस्यांची यादी, मागच्या बैठकीचं इतिवृत्त आणि विकास आराखडा. भांडायला जाऊ नका, बसून वाचा. यादीत तुमच्या वाडीतलं कुणी आहे का ते बघा. ज्यांची मुलं मोठी झाली, किंवा माझ्यासारखे जे नुसते राहायला आलेत, त्यांनाही ग्रामसभेत हा विषय काढता येतो आणि माहितीचा अधिकार तर २००५ पासून सगळ्यांनाच आहे. आराखडा लिहायला घ्यायचा तर आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तो तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. भात निघाल्यावर जरा सवड असते, तेव्हाच बसा.

हां, मागे हात वर आहे. बोला ताई.